मरुद्वतीचा सव्वा महिना

मार्कंडेयाची गोष्ट बहुतेकांनी आजीकडून ऐकलेली असते. मृकंडू ऋषींना मूल नव्हतं. शंकराने विचारलं, शंभर वर्षं जगणारा मठ्ठ मुलगा हवा की सोळाच वर्षं जगणारा गुणी? ऋषींनी गुणी मागितला. सोळावं वर्ष भरलं, यम पाश घेऊन आला, पोराने पिंडीला घट्ट मिठी मारली आणि यमाला हात हलवत परत जावं लागलं.

या मुलाच्या नावाचं देऊळ गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात आहे. वैनगंगा तिथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. १८७३-७४च्या दौऱ्यात अलेक्झांडर कनिंगहॅम इथे आला आणि इथली शिल्पं पाहून त्याला खजुराहोची आठवण झाली. तेव्हापासून मार्कंड्याला 'विदर्भाचं खजुराहो' म्हणायची सवय लागली. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. आणि इथून शेकडो मैल लांबच्या घरांतही वाढदिवसाला मार्कंडेयाचं नाव घेऊन तीळ-गूळ घातलेलं दूध प्यायला देतात, कारण हे पोर मरणाच्या दारातून परत आलं.

या गोष्टीत एक आई आहे. तिचं नाव मरुद्वती. ती येते, मुलाला जन्म देते आणि गोष्ट पुढे निघून जाते. बाळंतपणानंतर तिचं काय झालं, तिच्या अंगावरून किती दिवस गेलं, तिला ताप आला का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. पुराणाला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या सरकारी योजनांनाही ते अजून नीट सुचलेलं नाही.

अंगावरून जाणं

मूल झाल्यावर रक्तस्राव होतो, हे ज्या मुलीला पहिल्यांदा दिवस राहिलेत तिला अनेकदा कुणी सांगितलेलंच नसतं. नऊ महिने पाळी नव्हती, आता एकदम एवढं? आणि तेही महिनाभर? वार जिथे चिकटलेली होती तिथे गर्भाशयाच्या आत एक जखमच झालेली असते, ती भरायला वेळ लागतो. पहिले तीन-चार दिवस लाल, भरपूर. मग दहाव्या दिवसापर्यंत गुलाबी-तपकिरी. त्यानंतर पिवळट-पांढरं, कमी कमी होत चार ते सहा आठवड्यांत संपणारं. सगळं मिळून साधारण २०० ते ५०० मिलिलिटर. सिझेरियन झालं तरी हे चुकत नाही, कारण वार दोन्हीकडे सारखीच सुटते.

गंमत म्हणजे या मुदतीवर सगळ्यांचं एकमत आहे. सुश्रुतसंहिता म्हणते, दीड महिन्यानंतर बाईचं 'सूतिका' हे नाव सुटतं. काहींच्या मते पुन्हा पाळी येईपर्यंत ते राहतं. आपल्या घरांत सव्वा महिना पाळतात. जागतिक आरोग्य संघटना मातामृत्यू मोजते तो बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंतचा. हजारो वर्षांच्या अंतरावरचे लोक एकमेकांना न विचारता जवळपास त्याच आकड्याशी पोचले, कारण बाईचं अंगच तेवढा वेळ घेतं.

एकमत नाही ते एका साध्या प्रश्नावर. रक्त किती जातंय, हे ठरवायचं कसं? मराठीत 'अंगावरून जातंय' म्हटलं की त्यात पाळी आली, बाळंतपणानंतरचं आलं, पांढरं जाणंही आलं. 'किती?' असं विचारलं तर उत्तर 'लई' किंवा 'बरंच'. दवाखान्यात नर्स असते, तिला दिसतं. घरी, अंधाऱ्या खोलीत, बाजेवर पडलेल्या बाईकडे मोजायला एकच गोष्ट असते: खाली घेतलेलं फडकं. किंवा पॅड.

पॅडकडे आपण स्वच्छतेची वस्तू म्हणून बघतो, ते बरोबरच आहे. पण बाळंतिणीसाठी ते मापही आहे, आणि त्या मापाचा इतिहास गडचिरोलीतून जातो.

बाळंतिणीची खोली

जुन्या बाळंतिणीच्या खोलीबद्दल आता दोनच सूर ऐकू येतात. एक, आजीचं सगळं शास्त्रीय होतं. दोन, सगळा अडाणीपणा होता. मला दोन्ही पटत नाहीत. दहा दिवसांच्या विटाळामुळे बाईला चूल, विहीर, देवघर यांतून सुट्टी मिळायची. एरवी ती कुणी दिली नसती. अळीव, डिंक, बाळंतशोपा, तेलाचं मालीश, कढत पाण्याची आंघोळ, यांतलं बरंचसं अंगाला बरं वाटणारंच होतं. बाजेखालची शेगडी आणि बंद खिडक्या मात्र धुराने आई-बाळ दोघांची छाती भरायच्या.

आणि फडकी. जुन्या नऊवारी लुगड्याचं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड ही वाईट वस्तू अजिबात नाही. ते शोषतं, टोचत नाही, फुकट असतं. अडचण कापडाची नव्हती, ते वाळवण्याची होती. विटाळाची फडकी चारचौघांत दोरीवर कशी टाकणार? ती गोठ्यात, छपराखाली, दुसऱ्या कपड्याच्या आड वाळायची. म्हणजे नीट वाळायचीच नाहीत. त्यात चंद्रपूर-गडचिरोलीचा पावसाळा. आषाढ-श्रावणात दिवसच्या दिवस ऊन पडत नाही, बांध्यांत धानाची रोवणी चाललेली असते, घरात दुसरं कुणी नसतं आणि सव्वा महिन्याच्या हिशेबाला रोवणी थांबत नाही. ओलसर फडकं घेऊन चिखलात वाकून उभं राहणाऱ्या बाईला 'ऊन दाखवून वापर' हा सल्ला देणं सोपं आहे.

धानोरा, एटापल्ली, भामरागडकडच्या माडिया गावांतलं कुर्माघर, म्हणजे पाळीच्या दिवसांत बायकांनी राहायची वेगळी झोपडी, हा बातम्यांचा आवडता विषय आहे. त्यावर लिहायलाच हवं. पण वेगळी झोपडी दिसते, तिचा फोटो निघतो. पक्क्या घरातला फडकं लपवायचा कोपरा फोटोत येत नाही.

घरोघरी जाऊन विचारलं तेव्हा

१९८६मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचं काम सुरू केलं. जिल्हा तेव्हा अवघा चार वर्षांचा होता. चंद्रपूरपासून तो वेगळा झाला १९८२च्या ऑगस्टमध्ये. त्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्यांची नाही, गावातल्या सरसकट बायकांची. जानेवारी १९८९मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: १००पैकी ९२ जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि यापूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. या आकड्यांचं खापर फडक्यांवर फोडू नका, कारणं अनेक होती. पण एक गोष्ट त्यातून उघडी पडली. बायका बोलत नव्हत्या याचा अर्थ त्यांना त्रास नव्हता असा होत नव्हता.

पुढचं काम आपल्या विषयाच्या आणखी जवळ आहे. १९९५पासून ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या. शेवटच्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि १९९९मध्ये हा प्रयोग जगभर गाजला. मार्कंडेयाची गोष्ट पुन्हा घडली म्हणा. यमाला परत पाठवलं ते गावातल्या बायकांनी.

पण त्या घरी जात होत्या तेव्हा तिथे आईसुद्धा होती. १९९५-९६मध्ये ७७२ बायकांची नोंद घेतली गेली, शेवटच्या तिमाहीपासून बाळंतपणानंतर २८ दिवसांपर्यंत. निम्म्याहून जास्त, ५२.६ टक्के बायकांना काही ना काही आजारपण आलं. आणि कुठे आलं बघा: कळांच्या वेळी १७.७ टक्के, पण बाळंतपण झाल्यावर, त्या चार आठवड्यांत, ४२.९ टक्के. सगळे श्वास रोखून बाळंतपणाची वाट बघतात, ते सुखरूप पार पडलं की पेढे वाटतात, आणि खरा धोका त्यानंतर दाराशी येतो. १५.२ टक्के बायकांना पहिला दिवस उलटून गेल्यावरचा जास्त रक्तस्राव झाला होता. १०.२ टक्क्यांना जननमार्गाचा जंतुसंसर्ग.

म्हणजे साधारण सहा-सात जणींमागे एक. तिला हे 'जास्त' आहे असं कळलं असेल का? कळलं तर कशावरून?

पाच

गडचिरोलीचा प्रयोग पुढे देशाचा कार्यक्रम झाला. २०११पासून आशाताई घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी भेट. घरी झालं तर पहिल्या दिवशीही. आशाताईच्या हातात एक फॉर्म असतो. बाळाचं वजन, तापमान, दूध ओढतंय का, असे बहुतेक प्रश्न बाळाचेच. पण आईसाठीही काही ओळी आहेत. चोवीस तासांत पोटभर किती वेळा जेवलीस? आणि रक्तस्राव: दिवसात किती पॅड बदलतेस? पाचापेक्षा जास्त असतील तर दवाखान्यात पाठवायचं.

हा प्रश्न मला फार शहाणा वाटतो. 'रक्त जास्त जातंय का?' असं तो विचारत नाही, कारण त्याचं उत्तर लाजेत आणि 'लई'मध्ये हरवतं. तो मोजायला लावतो. 

पण त्यात एक गाठ आहे. जंतुसंसर्ग टाळायला दर चार तासांनी पॅड बदला, असं आपण सगळीकडे वाचतो. चोवीस भागिले चार, झाले सहा. म्हणजे नीटनेटकी बाई फॉर्ममध्ये नापास! आणि उलट बाजूला, पॅड परवडत नाही म्हणून आठ-आठ तास तेच भिजलेलं ठेवणारी 'तीन' म्हणून पास होते. शिवाय 'पॅड' म्हणजे नक्की काय? लुगड्याच्या आठ घड्या, दवाखान्यातली कापसाची जाड गादी की जेलचं पातळ पॅड? पाच या आकड्याला अर्थ येतो तो पॅड कुठलं आणि किती भिजलेलं हे ठाऊक असेल तेव्हाच. आशाताईने विचारलं तर नुसता आकडा सांगू नका. 'सहा बदलले, पण दोनच पूर्ण भिजले होते' असं सांगा.

पॅड आधी कुणासाठी बनलं

पॅड म्हटलं की आपल्याला पाळी आठवते. पण कारखान्यात बनलेल्या सुरुवातीच्या पॅडची पाळंमुळं बाळंतपणात आहेत. ओटीपासूनच्या तापाने, म्हणजे आपल्याकडच्या 'बाळंतरोगा'ने, एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या इस्पितळांत बायका भराभर मरत. १८४७मध्ये व्हिएन्नात इग्नाझ झेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरी त्याचं म्हणणं पटायला कित्येक वर्षं गेली. पुढे निर्जंतुक कापूस-पट्ट्यांचं युग आलं. १८९०च्या दशकात अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सनने घरच्या बाळंतपणासाठी एक पेटी विकायला काढली, तिच्यात बाळंतिणीसाठी निर्जंतुक पॅड होते. तेच पुढे 'लिस्टर्स टॉवेल्स' नावाने सुटे विकले गेले. १९२०मध्ये आलेलं कोटेक्स हे पहिल्या महायुद्धातल्या जखमांच्या पट्ट्यांचं रूप, लाकडाच्या लगद्याचं. 

(लगद्यावरून आठवलं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या कागद कारखान्यात गेला. पॅडला मात्र लांब धाग्याचा पाइनचा लगदा लागतो, तो बराचसा परदेशातून येतो. झाडांच्या जिल्ह्यातल्या बाईचं पॅड समुद्रापलीकडच्या झाडाचं.)

त्यानंतरची मोठी उडी म्हणजे जेल. पाणी पिऊन फुगणारी भुकटी १९७०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये पॅडमध्ये वापरात आली आणि पॅड पातळ झालं. पाळीसाठी ही मोठी सोय. बाळंतिणीच्या पहिल्या आठवड्यात मात्र ती थोडी फसवी ठरते, कारण जेल रक्त आत ओढून घेतं आणि वरून कोरडं दिसतं. किती गेलं ते कळत नाही. भारतीय मानकाच्या १९८०च्या आवृत्तीत पॅडची परीक्षा ३० मिलिलिटर द्रवावर घेतली जायची. आजची जाहिरात त्याच्या कितीतरी पुढच्या गोष्टी सांगते. जाहिरातीतलं पॅड न भरणारं असतं. बाळंतिणीला ते कधी भरलं हे कळणारं हवं.

मग घ्यायचं कुठलं

पहिला आठवडा: लांब, जाड, कापसाचं पॅड. लांब अशासाठी की तुम्ही बहुतेक वेळ आडव्या असता आणि रक्त मागे जातं. जाड अशासाठी की टाके असतील तर बसताना तेवढीच गादी होते. पृष्ठभाग सुती असावा. जाळीदार प्लास्टिकचा थर टाक्यांना घासतो, घामाने खाज सुटते. सुगंधी पॅड घेऊच नका. सुट्या कापसाचा बोळाही नको, त्याचे धागे टाक्यांत अडकतात. पहिल्या दोन रात्री मोठ्यांचे डायपर वापरले तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि पहिला आठवडा शक्यतो एकाच प्रकारचं पॅड वापरा, म्हणजे कालपेक्षा आज कमी की जास्त हे कळेल. दहा दिवसांनंतर नेहमीचं पॅड पुरतं. कप आणि टॅम्पॉन मात्र सहा आठवडे आणि डॉक्टरांची तपासणी होईपर्यंत नाही.

कापडच वापरणार असाल तर बिनधास्त वापरा, पण सुती, साबणाने धुतलेलं, उघड्यावर उन्हात वाळवलेलं. पावसात कडक इस्त्री फिरवा. दोरी दारातच बांधा, बघणारे बघतील.

लघवीच्या वेळी टाक्यांची आग होते, तेव्हा मगातून कोमट पाणी ओतत राहिलं तर ती कमी होते. पुसायचं ते पुढून मागे. पहिल्या दिवशी बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावला तर सूज उतरते. पुढे दिवसातून एक-दोनदा टबात कोमट पाण्यात बसा. पाणी भरपूर प्या, पालेभाजी खा. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची चाल कुणी पाळायला लावली तर सरळ नाही म्हणा. कुंथण्याने टाक्यांना जे दुखतं ते त्या चालीमुळेच. सिझेरियन झालेल्यांनी चड्डीचा इलास्टिक टाक्यावर येणार नाही इतकी उंच, सैल सुती चड्डी घ्यावी.

झोपून उठल्यावर एकदम भसकन रक्त येतं, घाबरू नका. आडवं असताना साठलेलं असतं ते. बाळ पाजताना पोटात कळ येऊन थोडं जास्त जातं, तेही गर्भाशय आकसत असल्याचं लक्षण.

घाबरायचं कधी? पॅड तासाभरात चिंब होतं आणि पुढच्या तासालाही तेच. लिंबापेक्षा मोठ्या गाठी. घाण वास. ताप, थंडी वाजणं. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी. किंवा कमी झालेलं लाल रक्त दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुन्हा जोरात सुरू होणं; गडचिरोलीच्या त्या १५.२ टक्क्यांत अशा बायकाही असतात. असं झालं तर सासूबाईंचा सल्ला, अंगारा, उद्या सकाळ, यांतलं काहीही नको. १०२ किंवा १०८.

सव्वा महिन्याचा हिशेब

पॅडच्या सरकारी योजना आपल्याकडे आहेत. २०११मध्ये केंद्राने गावातल्या मुलींना ६ रुपयांत ६ पॅड द्यायला सुरुवात केली, वय १० ते १९. महाराष्ट्राची अस्मिता योजना ८ मार्च २०१८ला आली, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड. त्याच वर्षी पॅडवरचा जीएसटी गेला. जनऔषधी केंद्रातलं सुविधा पॅड २०१९पासून रुपयाला मिळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या मुली-बायकांना विचारतात, पाळीत काय वापरता? स्वच्छ साधनं वापरणाऱ्यांचं प्रमाण पाच वर्षांच्या अंतराने ५७.६वरून ७७.३ टक्क्यांवर गेलं, आणि ही चांगलीच बातमी आहे.

या सगळ्यात शाळेतली मुलगी दिसते, पाळी दिसते. बाळंतीण दिसत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं, रक्त, जेवण, गाडी मोफत. जेवण साध्या बाळंतपणाला तीन दिवस, सिझेरियनला सात. मग ती घरी येते, आणि रक्त जायचे अजून पाच आठवडे उरलेले असतात. पाच पॅडांचा प्रश्न घेऊन आशाताई दारात येते, पण ते पाच पॅड द्यायची सोय तिच्या पिशवीत नसते.

पहिल्या आठवड्यात दिवसाला सहा, दुसऱ्यात चार, मग दोन-तीन, असं धरलं तर सव्वा महिन्यात सव्वाशेच्या आसपास पॅड लागतात. लांब पॅड आठ रुपयांना एक धरलं तर हजार रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांना जननी सुरक्षा योजनेतून महाराष्ट्राच्या खेड्यात मिळतात ७०० रुपये. रोजगार हमीवरची मजुरी २०२४-२५मध्ये दिवसाला २९७ रुपये होती. सुविधा पॅड मिळालं तर हाच खर्च सव्वाशे रुपयांवर येतो. पण जनऔषधी केंद्र बहुधा तालुक्याच्या गावी असतं, आणि एसटीत बसून तिथे जायचं तर ओल्या बाळंतिणीला नाही, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी जावं लागतं. दुकानात जाऊन पॅड मागायचं काम बहुतेक वेळा त्या घरातल्या बाप्याचंच असायला हवं. सहाव्या महिन्यातच जाऊन आणलं तरी चालतं. पॅड खराब होत नाही.